तीस दिवसांचा डबा

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. तळमजल्यावर उभा राहून अकराव्या मजल्यावरच्या दाराची कुरकुर त्याला ऐकू येते, असं त्याचे सोबती सांगतात. मी त्याची मोठी बहीण, त्यामुळे त्याचं कौतुक मला नेहमी निम्मंच खरं वाटतं. पण हे खरं आहे. एकदा माझ्यासोबत एका दवाखान्याच्या लिफ्टमध्ये चढला, दोन मजले गप्प उभा राहिला आणि तिसऱ्यावर मला दंडाला धरून बाहेर घेऊन आला. म्हणाला, "हिचा ब्रेक झिजलाय, आपण चालत जाऊ." माझे गुडघे तेव्हाही दुखत होते. मी त्याला सहा मजले शिव्या घालत चढले. दुसऱ्या दिवशी ती लिफ्ट बंद करून ठेवलेली होती.

सात वर्षांपूर्वी त्याला स्वतःचा धंदा काढायची हुक्की आली. भागीदार मिळाला, कर्ज मिळालं, आणि वर्षभरात भागीदार गायब झाला. कर्ज मात्र कुठे गेलं नाही. भाऊ पुन्हा जुन्या कंपनीत मान खाली घालून रुजू झाला, आणि तो आणि वहिनी, दोघांनी मिळून ते कर्ज शेवटच्या पैशापर्यंत फेडलं. या जूनमध्ये शेवटचा हप्ता गेला. बँकेचं पत्र घेऊन तो थेट माझ्याकडे आला. मला वाटलं, आता हा हसेल, निदान पाय पसरून बसेल. तो खुर्चीच्या कडेवर टेकला आणि म्हणाला, "ताई, आता पुन्हा झालं तर?"

"काय झालं तर?"

"काहीही."

त्या दिवसापासून हे 'काहीही' त्यांच्या घरात राहायला आलं. कर्ज होतं तेव्हा तो थकलेला असायचा, चिडका झाला होता, पण घाबरलेला नव्हता. खड्ड्यात उभ्या असलेल्याला पडायची भीती नसते. वर आल्यावर याला पहिल्यांदा खड्डा दिसला. रस्त्यात कोणी लंगडताना दिसलं की याला स्वतःचा पाय मोडलेला दिसे. शेजारच्यांचं पाणी तापवायचं यंत्र जळालं, तर हा आठवडाभर आपल्या घरातल्या यंत्राला हात लावून बघत होता. वर्षभराचा खर्च बँकेत साठल्याशिवाय श्वास सोडायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं आणि तो खरंच श्वास धरल्यासारखा वावरायचा.

काटकसर म्हणजे काय ते त्यांच्या घरात बघावं. दोन खोल्या, पण दिवा एकाच खोलीत. ज्याला वाचायचं त्याने तिथे यायचं. बुटांना तिसऱ्यांदा तळ लावलेला. साबणाचे उरलेले तुकडे एकत्र दाबून त्यांचा एक साबण, तीन रंगांचा. घरातलं कोणीही काहीही मागितलं की भावाचं उत्तर ठरलेलं: "बघू." कामावरचे लोक त्याला 'बघूशेठ' म्हणायचे. तोही हसायचा. चिंगूस म्हटलेलं मात्र त्याला आवडत नसे. तो म्हणायचा, चिंगूस माणसाला पैसा आवडतो, मला झोप आवडते.

त्याच्या डोक्यातून निघालेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो डबा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, कपाटावर ठेवलेला. ज्याला काही हवं असेल त्याने ते चिठ्ठीवर लिहायचं, खाली तारीख टाकायची, घडी घालून डब्यात टाकायची आणि त्याबद्दल तोंडातून एक शब्द काढायचा नाही. तीस दिवस झाले की पुढच्या रविवारी चिठ्ठी उघडायची. तोवर गरज उरली असेल तर चर्चा. नसेल तर चिठ्ठी फाडायची आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या फाटायच्या, हे मी स्वतः पाहिलंय. वहिनीने एकदा चिठ्ठीत लिहिलं होतं, 'नवा नवरा.' तीस दिवसांनी भावाने ती गंभीर चेहऱ्याने वाचली आणि विचारलं, "गरज आहे का अजून?" वहिनी म्हणाली, "राहू दे, नव्यालाही तूच शिकवशील." त्या दिवशी मीही टाळ्या वाजवल्या. हे मी मुद्दाम सांगतेय. तो डबा मला आवडत होता.

त्यांची मुलगी नऊ वर्षांची. घरात सगळे तिला बारकी म्हणतात. ती या सगळ्यात बापाच्याही पुढे. पेन्सिल इतकी छोटी होईपर्यंत वापरायची की धरायला नखं लागायची. दुकानाच्या काचेसमोरून जाताना मान आपोआप दुसरीकडे. लोक म्हणायचे, किती समजूतदार पोर! मीही म्हणायचे. नऊ वर्षांचं मूल इतकं समजूतदार असलं तर घाबरायला हवं, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

डिसेंबर आला. भावाला डिसेंबरची आधीपासूनच धास्ती. सगळं शहर दिवे लावून खर्चाला निघतं आणि हा खिशावर हात ठेवून फिरतो. त्यात यंदा कंपनीत कुजबुज होती की नवीन वर्षात माणसं कमी करणार. नाताळच्या तोंडावर मोठ्या दुकानांच्या लिफ्टना श्वास घ्यायला वेळ नसतो, सारख्या बिघडतात. भावाने दुप्पट पाळ्या घेतल्या. वहिनी एका मोठ्या दुकानात भेटवस्तू बांधायच्या टेबलावर होती. दिवसभर रंगीत कागद आणि फिती. घरी यायची तेव्हा बोटांना कागदाने कापल्याच्या रेघा असायच्या. म्हणून शाळा सुटली की बारकी माझ्याकडे यायची. मी निवृत्त कारकून. आयुष्यभर आलेल्या-गेलेल्या टपालाची नोंद ठेवली. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असा माझा समज होता.

सुटलं. कसं सुटलं ते सांगते, कारण त्यात माझाही वाटा आहे.

ती टीव्हीचा आवाज मोठा करायची. मी ओरडायचे, "बहिरी झालीस का गं?" ती लगेच कमी करायची आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायची, नेहमी त्याच टोकाला. कानात कापूस घालून यायची. विचारलं तर म्हणायची, "थंडी लागते." थंडी होतीच, मी पुढे काही विचारलं नाही. मागून हाक मारली तर तीन-तीन वेळा मारावी लागायची. मला वाटलं, पोर मोठी होतेय, नखरे सुरू झाले. वहिनी कौतुकाने सांगायची, "ताई, हल्ली ती आपल्या उशीची खोळ आपणच धुते हो, रोज." मी म्हटलं, "नशीबवान आहेस." खरंच म्हटलं मी असं.

शाळेत नाताळचा कार्यक्रम होता. बारकी गाणाऱ्या मुलांमध्ये होती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येऊन म्हणाली, "मला आता गायचं नाहीये, मला तारा दिलाय." पुठ्ठ्याचा मोठा तारा डोक्यावर धरून उभं राहायचं. भाऊ खूश. ताऱ्याला वेगळा पोशाख लागत नाही. कार्यक्रमाला तिघांपैकी मीच मोकळी, मी गेले. सगळी मुलं गात होती आणि ही तारा धरून उभी. गाणं संपलं, मुलं डावीकडे वळून चालू लागली, आणि ही तशीच. बाई बाजूने हळू आवाजात हाका मारत होत्या. शेवटी पुढच्या मुलीने बाही ओढली. लोक हसले. मीही हसले. नंतर बाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "हिला नीट ऐकू येतं ना? सूर धरता येईना म्हणून तारा दिला मी." तेव्हा माझं हसू गेलं.

वाटेत मी तिला दहादा विचारलं. ती म्हणाली, "येतं की." उजवीकडून विचारलं की बरोबर उत्तर यायचं. मी भावाला फोन केला. तो कुठल्यातरी दुकानाच्या लिफ्टच्या खड्ड्यात होता, मागून घण वाजत होते. म्हणाला, "ताई, रविवारी ये, बघू." मला त्या दिवशी त्याच्या त्या शब्दाचा भयंकर राग आला. पण मीही रविवारपर्यंत थांबले. शुक्रवारचा दिवस होता. दोन दिवसांनी काय होतं, असं मीही म्हटलंच.

रविवारी सकाळी गेले तेव्हा डबा खाली काढलेला होता. "आधी हे उरकू, मग कानाचं बोलू," भाऊ म्हणाला. तो चिठ्ठ्या वाचताना कचेरीतल्या साहेबाचा आवाज काढायचा. तेवढीच घरातली करमणूक.

"अर्जदार, सौभाग्यवती. विषय, चपला. तारीख, सोळा नोव्हेंबर. गरज उरली का?"

"उरली," वहिनी म्हणाली. "अंगठा बाहेर येतो."

"चर्चेला ठेवण्यात येत आहे. अर्जदार, मी स्वतः. विषय, मोजे. गरज उरली नाही. भोकं सवयीची झाली." चिठ्ठी फाडली. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्याने तिसरी घडी उघडली. "अर्जदार, कुमारी बारकी. तारीख, अठरा नोव्हेंबर. विषय…"

साहेबाचा आवाज तिथेच थांबला. तो चिठ्ठीकडे बघत राहिला. मी उठून त्याच्या खांद्यावरून वाचलं. वहीच्या कागदाचा नीट कापलेला तुकडा, गोल अक्षरं: 'डावा कान खूप दुखतो. घाई नाही.'

आधी बोलली ती बारकीच. तिचा चेहरा उजळलेला होता. परीक्षेत उत्तर येणाऱ्या मुलांचा असतो तसा.

"ती फाडायची आहे, बाबा. आता नाही दुखत. एक दिवस खूपच दुखलं, मग उशीवर पाणी आलं, आणि मग थांबलंच. तीस दिवस व्हायच्या आधीच." आणि तिने स्वतःच टाळ्या वाजवल्या.

वहिनीने तिला जवळ ओढलं आणि कानातला कापूस काढला. तो पिवळा होता आणि त्याला वास येत होता. वहिनीच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला अजून ऐकू येतो. भाऊ चिठ्ठी हातात धरून उभाच होता. तो म्हणाला, "मी रोज तिच्याशी बोललो गं. रोज बोललो." तो कोणाला सांगत होता कोण जाणे.

सोमवारी कानाचा डॉक्टर मिळाला. नाताळच्या सुटीवर निघायच्या घाईतला. त्याने तिच्या कानात नळी घालून बराच वेळ बघितलं, मग आमच्याकडे बघितलं.

"किती दिवस झाले?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. बारकीनेच उत्तर दिलं, "तेहेतीस."

"आधी का नाही आणलं हिला?"

"बाबांची चूक नाहीये," बारकी म्हणाली. "तीस व्हायचे होते." डॉक्टरला काही कळलं नाही, आणि आम्हाला समजावून सांगायची हिंमत झाली नाही.

तो म्हणाला, पडदा फाटलाय, आत पू आहे. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही, फुटलं म्हणून थांबलं. पडदा पुन्हा बसवता येतो. पण हे आणखी आत गेलं असेल, तर हाडापर्यंत साफ करावं लागेल, आणि ते लगेच. ऐकायची नस गेली असेल तर ती परत येत नाही. ऐकण्याची तपासणी करून घ्या, त्यावरून पुढचं ठरवू.

आणि माझ्या भावाच्या तोंडून निघून गेलं, "खर्च किती येईल?"

निघून गेलं म्हणते, कारण मी त्याच्याकडे बघत होते. शब्द बाहेर पडल्यावर त्याने तोंडावर हात ठेवला, पण तोवर उशीर झाला होता. बारकी त्याच्या शेजारी बसली होती आणि तिचा उजवा कान त्याच्याकडे होता. डॉक्टरने आकडा सांगितला. तो मी लिहीत नाही. भावाने जूनपासून जे साठवलं होतं, त्याच्या निम्म्यातही ते सगळं बसत होतं.

"मी तपासणीत पास झाले तर ऑपरेशन नाही ना करणार?" बारकीने विचारलं.

डॉक्टर पहिल्यांदाच हसला. तिच्या गालाला हात लावून म्हणाला, "पास झालीस तर कशाला करू?" त्याला वाटलं, पोर सुईला घाबरते.

औषध सुरू झालं. तपासणीची वेळ मिळाली ती नाताळच्या आदल्या दिवशी सकाळची. वहिनीने बिनपगारी रजा काढली, भावाने पाळी सोडली. वर्षातला सगळ्यात कमाईचा दिवस दोघांनी सोडला, आणि बारकी वाटभर विचारत होती, "तुमचे पैसे कापतील का?" भाऊ म्हणाला, "कापू देत." तिचं समाधान झालं नाही. तिने तोच प्रश्न आईलाही विचारला.

तपासणीची खोली लहान होती. त्या खोलीतच आणखी एक खोली, कपाटाएवढी, भिंतींना आतून मऊ गादी लावलेली आणि समोर काच. बारकीला आत खुर्चीत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन घातले. बाहेर काचेपाशी यंत्र घेऊन एक मॅडम बसल्या. त्यांनी बारकीला नीट सांगितलं, आवाज ऐकू आला, कितीही बारीक असला, की बोट वर कर. दार बंद झालं. आम्ही मॅडमच्या पाठीमागे भिंतीला चिकटून उभे राहिलो.

उजवा कान झाला. मग डावा. मॅडम बटण दाबायच्या, बारकीचं बोट वर जायचं. पुन्हा बटण, पुन्हा बोट. मॅडम कागदावर खुणा करत होत्या, आणि खुणा कागदाच्या वरच्या भागातच पडत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे वा, फाटलेल्या पडद्याच्या मानाने फारच छान आहे की!"

वहिनी मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. माझ्या जिवात जीव आला. मनात मी स्वतःला सगळं माफ करूनही टाकलं, टीव्ही, कापूस, उशीची खोळ, सगळं. भावाकडे बघितलं तर तो हसत होता. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आले होते. मला त्याचं ते हसू नीट आठवतं, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर विझलं. तो काचेतून आत बघत होता. बारकी कुठे बघतेय, तिकडे त्याचं लक्ष गेलं होतं. ती मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, आमच्याकडे बघत नव्हती. तिचे डोळे मॅडमच्या उजव्या हातावर खिळले होते. बोट बटणावर टेकलं की हिचं बोट वर.

तो गप्प उभा राहिला. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. फार तर तीन-चार श्वास. गप्प राहिला असता तर कागद छान निघाला असता, नाताळ घरी झाला असता, आणि पैसे बँकेत राहिले असते. हे सगळं त्याच्या मनात आलं, हे त्यानेच मला नंतर सांगितलं.

मग तो म्हणाला, "मॅडम, ती तुमचा हात बघतेय. तिला फिरवून बसवा."

मॅडमनी वळून त्याच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. त्या उठल्या, आत जाऊन बारकीची खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि परत येऊन बसल्या. आता काचेतून तिची पाठ दिसत होती, दोन वेण्या आणि मांडीच्या कडेला ठेवलेला हात.

मॅडमनी बटण दाबलं. हात हलला नाही. त्यांनी आवाज वाढवला, पुन्हा दाबलं. आणखी वाढवला. कागदावरच्या खुणा आता खाली खाली यायला लागल्या. वहिनी उठून उभी राहिली होती आणि तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की माझी बोटं बधिर झाली. शेवटी मॅडमनी यंत्रावरून हात काढून मांडीवर ठेवला आणि आमच्याशी बोलायला त्या वळल्या.

तेवढ्यात आत बारकीचं बोट वर गेलं.

मॅडम बोलायच्या थांबल्या. यंत्राला कोणाचाच हात लागलेला नव्हता. बोट खाली आलं. जरा वेळ गेला आणि पुन्हा वर गेलं, मग पुन्हा, मध्ये सारखंच अंतर ठेवून. ती मनातल्या मनात आकडे मोजत होती.

भाऊ पुढे झाला आणि त्याने काचेला दोन्ही हात लावले. "पुरे, बाळा," तो म्हणत होता, "अगं पुरे." पण तिची पाठ आमच्याकडे होती, आणि तिचं बोट वर जातच राहिलं.